धनंजयराव गाडगीळ : शेतकऱ्याला विचारून उभा राहिलेला सहकार

झालाना (जयपूर) : अरवलीच्या टेकड्यांच्या पायथ्याशी असलेला जयपूरचा झालाना हा भाग देशभर ओळखला जातो तो तेथील बिबट्यांच्या जंगलामुळे. याच झालानातील शासकीय व शैक्षणिक संस्थांच्या वसाहतीत राजस्थान सहकारी शिक्षण व व्यवस्थापन संस्था आहे. सहकारी बँका, खरेदी-विक्री संस्था आणि गावपातळीवरील सेवा सहकारी समित्या यांचा कारभार पाहणाऱ्यांना येथे प्रशिक्षण मिळते. हिशेब, कर्जवसुली आणि कायदा हे विषय अशा प्रशिक्षणात शिकवता येतात. एका प्रश्नाचे उत्तर मात्र पाठ्यपुस्तकात पूर्णपणे मावत नाही. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने गावासाठी काय करायचे, आणि ते कोणी ठरवायचे, हा तो प्रश्न.

मोठ्या कंपन्यांपुरते या प्रश्नाचे उत्तर कायद्याने दिलेले आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. सहकारी संस्थांचे तसे नाही. आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने १९९५ मध्ये मँचेस्टर येथे सहकाराची सात तत्त्वे नव्याने मांडली. त्यांतील सातवे तत्त्व समाजाविषयीच्या आस्थेचे असून, सभासदांनी संमत केलेल्या धोरणांद्वारे संस्थेने परिसराच्या शाश्वत विकासासाठी झटावे, असा त्याचा आशय आहे. सभासदांची संमती हा त्यातील कळीचा भाग होय. जगाने हे तत्त्व शब्दबद्ध करण्याच्या सुमारे पन्नास वर्षे आधी, आजच्या अहिल्यानगर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, प्रवरा नदीच्या काठी ते आचरणात आणण्याचा प्रयत्न झाला होता. त्या प्रयत्नाला शास्त्रीय पाया देणारे अर्थशास्त्रज्ञ म्हणजे धनंजय रामचंद्र गाडगीळ.

धनंजयरावांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिक येथे झाला. बालपण आणि शालेय शिक्षण नागपुरात झाले. पुढे उच्च शिक्षणासाठी ते केंब्रिजला गेले. तेथे त्यांनी भारताच्या औद्योगिक स्थित्यंतरावर प्रबंध लिहिला. तो १९२४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा लेखकाचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून भारतीय शेती, कारागिरी आणि कारखानदारी यांत कसे बदल होत गेले, याचा त्यात घेतलेला वेध इतका पक्का होता की, पुढील कित्येक दशके अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तो वाचावाच लागला. परदेशातून परतल्यावर मुंबई सरकारच्या अर्थ खात्यात त्यांनी अल्पकाळ नोकरी केली आणि १९२५ मध्ये सुरतच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले.

त्यांच्या आयुष्याला खरी दिशा मिळाली ती १९३० मध्ये. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाच्या आश्रयाखाली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि तिचे पहिले संचालक म्हणून धनंजयरावांची नेमणूक झाली. त्या वेळी भारतातील अर्थशास्त्र प्रामुख्याने सरकारी अहवाल आणि इंग्रजी ग्रंथ यांच्या आधारे चाले. गाडगीळांनी आपल्या सहकाऱ्यांना वही-पेन्सिल देऊन बाजारात, वस्तीत आणि शेताच्या बांधावर पाठवले. पुण्यातील फळबाजाराचा अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. बागेतून निघालेले फळ गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत त्याच्या किमतीचे किती वाटे होतात आणि त्यांतला शेतकऱ्याचा वाटा किती, हे त्यात तपासले होते. १९४० मध्ये वाई तालुक्यातील शेती व्यवसायाची पाहणी बाहेर आली. पुणे शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचे दोन भाग १९४५ आणि १९५२ मध्ये आले.

या पाहण्यांमागे एक स्पष्ट भूमिका होती. लोकांच्या अडचणी काय आहेत, हे कचेरीत बसून ठरवता येत नाही. घरटी जाऊन विचारावे लागते. उत्तरे नोंदवावी लागतात, पडताळावी लागतात आणि मगच धोरणाची भाषा बोलता येते. आज ज्याला संबंधित घटकांशी सल्लामसलत म्हणतात, तिचा शिस्तबद्ध पाया गाडगीळांनी या काळात घातला. एका बाबतीत त्यांची रीत आजच्या अनेक सल्लामसलतींपेक्षा कडक होती. सभेला जो आला त्याचेच म्हणणे ऐकायचे, असा तिचा प्रकार नव्हता. नमुना पद्धतीने निवडलेल्या कुटुंबांत मोठ्या बागायतदाराबरोबर लहान कुळाचे घरही येई, आणि त्याचे उत्तर तितक्याच काळजीने नोंदले जाई.

याच पद्धतीने त्यांची गाठ प्रवरेच्या खोऱ्याशी पडली. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी नगर जिल्ह्याच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यात पाणी आणले. दारणा धरणामुळे गोदावरीच्या कालव्यांना त्याआधीच पाणी मिळू लागले होते. कालव्याच्या पाण्याबरोबर ऊस आला, आणि उसाबरोबर खर्चही आला. खत, बैल, पाणीपट्टी, गुऱ्हाळ या सर्वांसाठी रोख पैसा लागे. तो सावकार आणि अडत्ये पुरवीत. जागतिक मंदीच्या काळात गुळाचे भाव कोसळले, तेव्हा कालव्याचे पाणी मिळूनही शेतकरी कर्जात बुडाले. १९३२ मध्ये साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण मिळाल्यावर कारखानदारी वाढली. हरेगाव आणि टिळकनगर येथे खासगी कारखाने होते. अशा कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेऊन स्वतःच ऊस पिकवण्याचा मार्ग पत्करला होता. परिणामी, पाणी आणि जमीन शेतकऱ्याची असूनही साखरेतील नफा त्याच्या घरी येत नव्हता.

गोखले संस्थेने गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या लाभक्षेत्राची पाहणी केली. तिचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाणीपट्टीतून सरकारला मिळणारे उत्पन्न एवढाच कालव्याचा लाभ नव्हे, हा त्याचा मुख्य मुद्दा. पाणी आल्याने रोजगार किती वाढला, व्यापार किती वाढला, वाहतूक आणि प्रक्रिया उद्योग यांना काय मिळाले, हेही मोजले पाहिजे, असे गाडगीळांनी दाखवून दिले. एखाद्या प्रकल्पाचा प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभ मोजण्याचा हा भारतातील आरंभीच्या काळातील पद्धतशीर प्रयत्न होता. सामाजिक उत्तरदायित्वाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळेच आहे. लाभ जर साऱ्या परिसरात पसरत असेल, तर जबाबदारीही परिसरापुरती पसरते. कालव्यावर किंवा कारखान्यावर ज्यांचे आयुष्य अवलंबून आहे, ते सर्व त्या हिशेबात आले पाहिजेत.

दरम्यान, १९४४-४५ मध्ये शेतीच्या अर्थपुरवठ्याचा विचार करण्यासाठी नेमलेल्या उपसमितीचे अध्यक्षपद गाडगीळांकडे आले होते. शेतकऱ्याच्या जुन्या कर्जाचा निवाडा आणि नव्या कर्जाची संस्थात्मक सोय या दोन्ही गोष्टींचा त्या अहवालात ऊहापोह होता. नेमक्या त्याच सुमारास, १९४५ मध्ये, बेलापूर येथे कालव्यावरील बागायतदारांची परिषद भरली आणि तिचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. शेतकऱ्यांनी स्वतःचा साखर कारखाना काढावा, हा विचार या परिषदेत पुढे आला.

परिषदेतील विचाराला गावांचा होकार मिळवण्याचे काम लोणी येथील शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील यांनी केले. त्यांचे शालेय शिक्षण फार थोडे होते. परंतु १९२३ मध्ये लोणी बुद्रुक येथे सहकारी पतपेढी उभी करून त्यांनी सहकाराचा अनुभव घेतला होता. विखे पाटील आणि त्यांचे साथीदार गावोगाव हिंडले. पारावर, देवळात, वस्तीवर बैठका झाल्या. शेतकऱ्यांच्या शंका साध्या आणि रास्त होत्या. पैसा बुडाला तर काय? भाव कोण ठरवणार? मोठा बागायतदारच मालक होऊन बसणार नाही कशावरून? कागदपत्रे कोण वाचणार? या प्रश्नांना उत्तरे दिल्याशिवाय एकही भाग विकला जाणार नव्हता. पुण्याच्या अर्थशास्त्रज्ञाचे अहवाल आणि लोणीच्या शेतकऱ्याची पायपीट यांचा मेळ येथे बसला. एकाकडे आकडे होते, दुसऱ्याकडे लोकांचा विश्वास होता. एकट्याच्या बळावर हे काम तडीस जाणे कठीण होते.

त्या वेळी मुंबई सरकारात अर्थ आणि सहकार ही खाती वैकुंठभाई मेहता यांच्याकडे होती. सहकाराच्या क्षेत्रात आयुष्य घालवलेल्या वैकुंठभाईंनी या उपक्रमाला बळ दिले. शेतकऱ्यांचे भागभांडवल, सरकारचा हातभार, सहकारी बँकेचा पाठिंबा आणि औद्योगिक वित्त महामंडळाचे कर्ज यांतून कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. आंध्रच्या किनारपट्टीवर एटिकोप्पाका येथे १९३० च्या दशकात सहकारी साखर कारखान्याचा प्रयोग झाला होता. तथापि, सहकारी साखर कारखानदारीला देशभर अनुकरणीय रूप मिळाले ते प्रवरेच्या काठी. या कारखान्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव होते आणि उपाध्यक्ष विखे पाटील. सुमारे दहा वर्षे ही जोडी एकत्र काम करीत राहिली. अर्थशास्त्राच्या संस्थेचा संचालक शेतकऱ्यांच्या कारखान्याच्या सभेत अध्यक्ष म्हणून बसतो आणि उसाचा भाव, वाहतूक, तोडणीचा क्रम अशा विषयांवरील वाद ऐकतो, हे दृश्य त्या काळी नवे होते.

सहकारी कारखान्याची रचनाच अशी होती की, विचारविनिमय टाळता येणे अवघड व्हावे. भाग कितीही असले तरी सभासदाला मत एकच. संचालक मंडळ निवडून येणार. वार्षिक सर्वसाधारण सभेत हिशेब मांडावा लागणार. नफ्याच्या वाटपाला सभासदांची मान्यता लागणार. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याने राखीव निधी आणि शिक्षण निधी यांची तरतूद केल्यानंतर निव्वळ नफ्याच्या वीस टक्क्यांपर्यंतची रक्कम, आवश्यक त्या मान्यतेने, सहकारी किंवा धर्मादाय कामांसाठी वेगळी काढण्याची मुभा दिली. म्हणजे लोककार्याची वाट कायद्याने मोकळी ठेवली. त्या वाटेने किती आणि कोठवर जायचे, हे मात्र संस्थेवर सोपवले.

प्रवरानगर परिसरात या अधिकाराचा वापर कसा झाला, हे पुढील वर्षांत दिसले. गाडगीळांनंतर अध्यक्ष झालेल्या विखे पाटलांच्या पुढाकाराने १९६० च्या दशकात शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. १९६४ मध्ये प्रवरा पब्लिक स्कूल सुरू झाले. १९७० च्या दशकात लोणी येथे ग्रामीण रुग्णालयाची उभारणी झाली. वारणानगरला तात्यासाहेब कोरे, सांगलीला वसंतदादा पाटील, अकलूजला शंकरराव मोहिते पाटील यांनी आपापल्या भागात हाच कित्ता गिरवला. साखर कारखान्याच्या धुराड्याभोवती शाळा, महाविद्यालय, दवाखाना, दूध संघ आणि उपसा सिंचन योजना उभ्या राहिल्या. ज्या गावांत पूर्वी मॅट्रिकचा वर्ग नव्हता, तेथील मुलामुलींना पदवीपर्यंतचे शिक्षण घराजवळ मिळू लागले.

प्रवरेवरील अनुभव गाडगीळांनी देशाच्या धोरणापर्यंत नेला. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या मार्गदर्शन समितीचे ते सदस्य होते. अ. दा. गोरवाला हे तिचे अध्यक्ष होते. ७५ जिल्ह्यांतील ६०० गावांत आणि सव्वा लाखाहून अधिक कुटुंबांत ही पाहणी झाली. शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी जेमतेम तीन टक्के कर्ज सहकारी संस्थांकडून येते आणि सुमारे सत्तर टक्के सावकारांकडून, हे तिच्यातून उघड झाले. सहकार आजवर अपयशी ठरला असला तरी त्याला यशस्वी करण्यावाचून पर्याय नाही, हा समितीचा निष्कर्ष १९५४ च्या अहवालात आला. त्यासाठी तिने तीन गोष्टी सुचवल्या. सहकारी संस्थांत सरकारचा भागभांडवली सहभाग, कर्जाची विक्री व प्रक्रियेशी सांगड, आणि प्रशिक्षित मनुष्यबळ. सहकारी प्रशिक्षणाचे जे जाळे देशात पुढे विणले गेले, त्यामागे या तिसऱ्या शिफारशीचा मोठा वाटा आहे. झालानासारख्या ठिकाणी सहकाराच्या प्रशिक्षणाची स्वतंत्र संस्था असावी, या कल्पनेचे मूळ त्या विचारात सापडते.

१९६७ मध्ये गाडगीळ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. त्याआधी ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू आणि राज्यसभेचे नियुक्त सदस्य होते. दिल्लीतही त्यांची कार्यपद्धती बदलली नाही. राज्यांना योजनेसाठी केंद्राकडून मिळणारी मदत तोवर बरीचशी प्रत्येक प्रकल्पाच्या वाटाघाटींवर अवलंबून असे. ज्याचा दबाव अधिक, त्याचा वाटा अधिक, अशी तक्रार होती. राज्यांशी चर्चा करून चौथ्या योजनेसाठी वाटपाचे सूत्र ठरवण्यात आले. आसाम, जम्मू-काश्मीर आणि नागालँड यांची गरज आधी भागवून उरलेल्या रकमेपैकी ६० टक्के लोकसंख्येनुसार आणि प्रत्येकी दहा टक्के कमी दरडोई उत्पन्न, करवसुलीचा प्रयत्न, चालू असलेले मोठे पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि राज्यांचे विशेष प्रश्न यांनुसार वाटायचे, असे ते सूत्र होते. दुष्काळ, पूर आणि आदिवासी भाग अशा अडचणींना त्यात जागा मिळाली. आजही ते गाडगीळ सूत्र या नावाने ओळखले जाते. राष्ट्रीय पत परिषदेने नेमलेल्या त्यांच्या अभ्यासगटाने १९६९ मध्ये बँकांनी क्षेत्रनिहाय जबाबदारी घ्यावी, असे सुचवले. त्याच वर्षअखेरीस अमलात आलेल्या अग्रणी बँक योजनेचा तो पाया ठरला.

दिल्लीतील वर्षांतही गाडगीळांचा भर जिल्ह्यावर राहिला. योजना खालून वर गेली पाहिजे, जिल्ह्याच्या गरजा जिल्ह्यातच मोजल्या पाहिजेत आणि ज्यांच्यासाठी योजना आहे त्यांचा तिच्या घडणीत हात असला पाहिजे, हे सूत्र त्यांनी व्याख्यानांतून आणि लेखनातून सातत्याने मांडले. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहकारी समाजरचनेविषयीच्या त्यांच्या पुस्तकात सहकार हा केवळ व्यवसायाचा प्रकार न राहता अर्थव्यवस्थेच्या मोठ्या भागाची बांधणी त्यावर व्हावी, असा विचार आहे.

या वारशाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. साखर कारखान्याचे सभासदत्व ऊस पिकवणाऱ्याला मिळते. ज्याच्याकडे पाणी नाही, तो ऊस पिकवू शकत नाही, म्हणून तो सभासद नाही. ज्याच्याकडे जमीनच नाही, तो तर दूरच राहतो. कारखान्यासाठी ऊस तोडणारे मजूर बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतून दरवर्षी मुकादमाकडून उचल घेऊन येतात, फडाशेजारी कोपी घालून राहतात आणि हंगाम संपला की परततात. त्यांचे श्रम साखरेच्या प्रत्येक पोत्यात असतात, पण सर्वसाधारण सभेत त्यांना मत नसते. त्यांच्या मुलांच्या शाळेचा, बायांच्या आरोग्याचा आणि अपघाताच्या भरपाईचा प्रश्न कित्येक दशके कोणाच्याच कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता. जेथे सभासदांचा होकार म्हणजेच समाजाचा होकार असे धरले गेले, तेथे शाळा-महाविद्यालये उभी राहिली, पण साखरशाळांसाठी लोकांना झगडावे लागले.

पुढे अनेक ठिकाणी विचारविनिमयाचाही केवळ उपचार उरला. सभा भरू लागल्या, पण ठराव आधीच ठरू लागले. शिक्षण आणि आरोग्याच्या संस्था सभासदांच्या पैशांतून निघाल्या, मात्र त्यांच्या विश्वस्त मंडळांवर सभासदांचे नियंत्रण सर्वत्र राहिले नाही. काही कारखाने कर्जात गेले, काही विकले गेले. ज्यांनी बैलगाडीतून ऊस नेऊन भाग घेतला होता, त्यांच्या नातवंडांना आपला कारखाना कोणाच्या मालकीचा झाला, हे वर्तमानपत्रातून समजले.

या त्रुटी तपासण्याचे साधनही गाडगीळांच्याच कामात आहे. कालव्याचा लाभ मोजताना त्यांनी केवळ पाणीपट्टी भरणाऱ्याचा विचार केला नव्हता. रोजगार आणि व्यापार यांद्वारे ज्या ज्या घरापर्यंत पाणी पोहोचले, ते घर त्यांच्या हिशेबात होते. तीच मोजपट्टी सहकारी संस्थेला लावली, तर तिच्या सामाजिक धोरणाचा मसुदा केवळ संचालक मंडळात तयार होऊ शकत नाही. लहान शेतकरी, कोरडवाहू शेजारी, कारखान्याचा कामगार, तोडणी मजूर, सांडपाणी ज्यांच्या विहिरीपर्यंत जाते ती कुटुंबे आणि ज्यांच्या नावे बहुधा जमीनच नसते त्या बायका, या सर्वांना आधी विचारावे लागते. राजस्थानातील मोहरी-बाजरी पिकवणाऱ्या पट्ट्यातील सेवा समितीलाही हे तितकेच लागू आहे. तेथे प्रश्न साखरशाळेचा नसेल, पिण्याच्या पाण्याचा किंवा चराईच्या जमिनीचा असेल. विचारण्याची गरज तीच राहते.

१९७१ मध्ये गाडगीळांनी नियोजन आयोगाची जबाबदारी सोडली. दिल्लीहून पुण्याला परतत असताना, ३ मे १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. मागे राहिली ती छत्तीस वर्षे सांभाळलेली संशोधन संस्था, गावोगावच्या पाहण्यांचे अहवाल आणि प्रवरेच्या काठचा कारखाना. त्यांच्या कन्या सुलभा ब्रह्मे यांनीही अर्थशास्त्रज्ञ म्हणून लोकांच्या प्रश्नांचा अभ्यास पुढे चालवला. पुण्यातील गोखले संस्थेत आजही संशोधन आणि अध्यापन सुरू आहे. फळबाजार, वाई तालुका आणि प्रवरेचे कालवे यांवरील ते जुने अहवाल उघडले की, कोणत्या घरी किती कर्ज होते, बैल किती होते आणि उसाच्या पैशांतून हाती काय उरले, याची कोष्टके समोर येतात. शेतकऱ्यांच्या सहकाराचे सामाजिक धोरण गाडगीळांच्या लेखी अशाच कोष्टकांपासून सुरू होत असे.